बाबांना पेसमेकर कुणी समजावला

माझ्या चुलत बहिणीचा व्हिडिओ मी चौदा वेळा पाहिला, आणि चौदाही वेळा त्यातल्या चुका शोधायला पाहिला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी स्वतःला कितीही सभ्य ठरवायला लागले तरी वाचणाऱ्याने फसू नये.

मी पत्रकं लिहिते. कर्जत-खालापूर पट्ट्यात काम करणाऱ्या एका लहान संघटनेत कॉलेज सुटल्यापासून माझं हेच काम. कारखान्याचा वास सहन होईना, पत्रक. पळसदरीकडे शनिवार-रविवारच्या बंगल्यांना नळ आणि गावातल्या बायकांना हंडा, पत्रक. मजकूर एका कागदात मावला पाहिजे, चौथी शिकलेल्याला कळला पाहिजे आणि शेवटी मागण्या पाहिजेत. कर्जतच्या प्रेसवाल्याला माझं अक्षर पाठ आहे. माझ्या वाक्यांवर माणसं रस्त्यावर येऊन बसलेली आहेत. त्यामुळे मला समजावून सांगता येतं याबद्दल मला शंका नव्हती. ते माझ्यापेक्षा चांगलं दुसऱ्या कुणाला जमत असेल तर जमो. पण ते माझ्याच घरातल्या कुणाला जमावं, हे मला सहन होणारं नव्हतं.

आमचं गाव कडावजवळ. भाताची शेती, दोन म्हशी. गेल्या वर्षी गणपती झाले आणि बाबांना चक्कर यायला लागली. पहिल्यांदा गोठ्यात आली. म्हशीच्या पाठीला धरून उभे राहिले म्हणून वाचले. दुसऱ्यांदा सायकलवरून उतरताना. "पित्त हाय," म्हणाले. मी त्यांना पनवेलच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, एक दिवस छातीला यंत्र लावून घरी पाठवलं आणि परत बोलावून सांगितलं की ठोके फार हळू पडतात, मधूनच काही सेकंद पडतच नाहीत. तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधार येतो. गोळीने होणार नाही. पेसमेकर बसवावा लागेल. आजच दाखल व्हा.

"घरी जाऊन येतो," बाबा म्हणाले.

"घरी जाऊन यायला ही लग्नाची खरेदी नाही, काका," डॉक्टर म्हणाले. चांगला माणूस होता. तरीही बाबा हटेनात, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन बजावलं. एकटं सोडायचं नाही, गाडी नाही, विहिरीवर नाही, आणि काय ते लवकर ठरवा. बाहेर सिस्टर कागद भरत होत्या. नाव, वय, गोळ्या, आधीची ऑपरेशनं. त्यांनी विचारलं, "उजवे की डावखुरे?" बाबा काही बोलायच्या आत मीच सांगून टाकलं, "उजवे." त्यांनी खूण केली. आम्ही निघालो.

घरी आल्यावर बाबा एकच शब्द बोलत राहिले, "बघू." आई रडली, रागावली, जेवायची थांबली. बाबा "बघू." मी ठरवलं, माणसाला नीट माहिती मिळाली की तो नीट निर्णय घेतो. माझ्या सगळ्या कामाचा पाया हाच. मी फोन घेऊन शोधायला बसले.

आणि तिथे जे दिसलं ते पाहून माझं डोकं सणकलं. एवढी हॉस्पिटलं, एवढ्या वेबसाइटी, आणि हृदयाच्या ठोक्यांचा उपचार करायला निघालेल्या मराठी माणसासाठी धड एक पान नाही! इंग्रजीत सगळं आहे, बारा-बारा पानं. मराठीत जे आहे त्यात वर बागेत हसणारं पिकल्या केसांचं जोडपं, खाली दर दोन ओळींनी 'अपॉइंटमेंट घ्या' असं बटण आणि मध्ये मशीनने केलेलं भाषांतर. एका पानावर लिहिलं होतं, 'या प्रक्रियेत रुग्णाच्या हृदयात शिसे घातले जाते.' मी बाबांना वाचून दाखवत होते, न थांबता तेही वाचलं.

"शिसं?" बाबा म्हणाले.

"नाही हो बाबा. वायरीला इंग्रजीत लीड म्हणतात, शिशालाही तसंच लिहितात. मशीननं घोळ घातलाय."

"तुज्याच पत्रकात व्हतं, शिसं म्हंजी इख. पान्यातलं नको आनि काळजातलं चालतं व्हय?"

दुसऱ्याच दिवशी गावातल्या कुणीतरी त्यांना एक व्हिडिओ पाठवला. त्यात हृदयातली एक जागा आतून जाळून ठोके ताळ्यावर आणतात असं दाखवलं होतं. तो उपचार खरा आहे, पण ज्यांचं हृदय उगीच धावत सुटतं त्यांच्यासाठी. बाबांचं थांबतं. दोन्हींना व्हिडिओवाल्याने एकच नाव दिलेलं, 'हृदयाच्या ठोक्यांवर रामबाण इलाज'. बाबा संध्याकाळपर्यंत आईला विचारत होते, "जाळनार हायत का गं?"

मी दोन दिवस बसून पत्रक लिहिलं. 'पेसमेकर : आपली माहिती, आपला हक्क.' आमच्या शिबिरांना येणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडून शब्द न् शब्द तपासून घेतला. एकही चूक नाही. धोके होते, जंतुसंसर्ग होता, वायर जागेवरून हलण्याची शक्यता होती, संमतिपत्र मराठीत मागण्याचा अधिकार होता. आणि सवयीने शेवटी 'आमच्या मागण्या' पण होत्या. मी ते घरच्या माणसासाठी लिहीत होते, तरी होत्या. बाबांनी कागद लांब धरला, 'हृदयातील विद्युतवहन यंत्रणा' इथपर्यंत ओठ हलवत आले, मग घडी घालून माझ्या हातात परत दिला.

"चांगलं लिवलंयस. कोनाला द्यायचं हाय हे?"

त्याच आठवड्यात त्या चुलत बहिणीचा व्हिडिओ आला.

ती मोठ्या काकांची मुलगी. माझ्याहून चार महिन्यांनी मोठी, शाळेत एका बाकावर. लग्न होऊन मोहोपाड्याला गेली. नवरा कंपनीत, ती तिकडच्याच एका दवाखान्यात नर्स. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात फोन उभा करून व्हिडिओ काढते. साखरेच्या आजारात भात किती खायचा, ताप मेंदूत जातो म्हणजे काय, असलं. आमच्या बाजूच्या गावांत प्रत्येकाच्या फोनवर तिचं काहीतरी असतं. मला ते ठाऊक होतं आणि मी कधी बघत नव्हते. या वेळी तिने बाबांसाठीच केला होता. नाव घेतलं नव्हतं, पण आम्हाला कळलं.

मागे कढईत काहीतरी तडतडतंय, हातात चमचा, आणि ती सांगते, "ऐका रं सगले. मोटर बिघडली नाय. पाइप फुटला नाय. हिरीला पानी हाय. पन स्टार्टर धरत नाय. मंग मोटर काय करंल बिचारी? तसं हाय हे. डाक्टर काय करतात, नवा स्टार्टर बसवतात. छाती फाडत नायत, घाबरू नका. डाव्या खांद्याच्या खाली जागा बधीर करतात, कातडीच्या आत डबी ठेवतात, काडेपेटीयेवढी, आनि तिची तार शिरेतनं काळजात. तुमी जागंच असता. डाक्टरशी गप्पा मारा. नंतर दीड महिना तो हात खांद्याच्या वर न्यायचा नाय, वजन उचलायचं नाय. बस. काय भ्यायचं नाय."

बाबांनी फोन चाऱ्याच्या पेंढीला टेकवून धार काढता काढता तो तीनदा पाहिला. हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. "बघ," मला म्हणाले, "हे समजलं."

मला काय झालं ते सांगायला मला एक शब्द पुरतो, पण तो लिहायला अजून हात आखडतो. जळले. शाळेत पहिली मी यायची. ती इंग्रजीत नापास व्हायची. भाषणाला मी, बक्षीस मला, आणि ती भाताच्या कापणीला. कर्जतच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात माझ्या 'हाय-नाय'ला वर्ग हसला. वर्षाच्या आत मी ती बोली पुसून टाकली. आज घरात म्हशीलाही मी शुद्ध मराठीत हाकलते. तिने काहीच पुसलं नाही. तिला कुणी हसलंही नसेल, किंवा हसलं तर तिनेही सोबत हसून घेतलं असेल. आणि ज्या लोकांसाठी मी सहा वर्षं सोपं, अजून सोपं लिहायची खटपट करते आहे, ते सगळे हिच्या चमच्याकडे बघत बसलेत. त्यात माझे बाबा.

चौदा वेळा पाहिला तो तेव्हा. चूक सापडली. 'काय भ्यायचं नाय' ही चूकच. धोका कमी असतो, अजिबात नसतो असं नाही, आणि नर्सला हे माहीत असतं. जखम लाल झाली, पू आला तर काय करायचं ते तिने सांगितलं नव्हतं. मी घरच्या ग्रुपवर सात मुद्दे टाकले. शेवटी लिहिलं, 'अर्धवट माहिती ही चुकीच्या माहितीपेक्षा घातक असते.' मुद्दे बरोबर होते. मी ते बरोबर होते म्हणून टाकले नव्हते.

तिचं उत्तर आलं, "बरोबर हाय गं पत्रकबाई. पुढल्या टायमाला सांगते." वर दोन हात जोडलेले. मोठ्या काकांनी तिच्या उत्तराला अंगठा दिला. माझ्या सात मुद्द्यांना कुणी काही दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा आंघोळीला गेले असताना मी त्यांचा फोन घेतला आणि तिचे मेसेज न उघडताच तिला ब्लॉक केलं. मेसेजही, साधा कॉलही. मी स्वतःला सांगितलं की अर्धवट माहितीमुळे त्यांचा गोंधळ होतोय, दाखल होईपर्यंतच. दोन वर्षांपूर्वी आमची पत्रकं पंचायतीच्या फळ्यावरून कुणीतरी फाडली होती, तेव्हा मी 'आवाज दाबणाऱ्यांचा निषेध' असं लिहून फळ्याखाली दिवसभर बसले होते. फोन परत खिडकीत ठेवताना ते मला आठवलं. आठवूनही ठेवला.

मला एक गोष्ट ठाऊक नव्हती. त्याच सकाळी धार काढून झाल्यावर बाबांनी तिला बोलून मेसेज पाठवला होता.

पुढचे आठ दिवस बाबा फोन हातात घेऊन फिरत होते. आमच्याकडे गोठ्याच्या भिंतीशी रेंज चांगली येते, तिथे जाऊन उभे राहायचे. "बघ गं, काय आलंय का," म्हणून मला दाखवायचे. मी बघायची. "काही नाही." त्यांचा चेहरा उतरायचा. दाखल व्हायचं विचारलं की "बघू, जरा थांब." कशासाठी थांब? ते सांगेनात. मला वाटलं, तिच्या व्हिडिओने त्यांना जे बळ आलं होतं ते माझ्या सात मुद्द्यांनी गेलं. आणि खरं सांगायचं तर त्यातही मला थोडं बरं वाटलं, की माझं लिहिलेलं निदान कुठेतरी पोचलं.

पाचव्या दिवशी तिचा मला फोन आला. मी कर्जतला प्रेसमध्ये होते.

"काकाचा फोन बिघडलाय का गं? लागत नाय. मेसेजला पन येकच खूण."

"रेंज नाही," मी म्हणाले.

"काकीला दे ना मंग."

"आईकडे वेगळा फोन कुठे आहे? आणि मी घरी नाही."

"बरं मंग तूच सांग त्यांना. ऐक, त्यांनी मला इचारलंय—"

त्यांनी हिला विचारलं. मला नाही. एवढंच माझ्या कानात शिरलं. "मला मीटिंग आहे," म्हणाले, "मी सांगते त्यांना तुझा फोन आला होता म्हणून." आणि ठेवला. प्रेसवाला माझ्यासमोर बसून कागद मोजत होता. मीटिंग कुठलीच नव्हती. घरी जाऊन मी बाबांना काहीही सांगितलं नाही.

आठव्या दिवशी दुपारी बाबा बांधावर भात कितपत पिवळं झालंय ते बघायला गेले. एकटं सोडायचं नव्हतं, म्हणून आई मागोमाग होती, वीसेक पावलांवर. मी ओटीवर लॅपटॉप घेऊन. आईची हाक ऐकू आली. ती हाक मी विसरणार नाही. धावत गेले तर बाबा भाताच्या खाचरात पालथे, तोंड चिखलात, आणि आई त्यांचं डोकं वर धरायला बघतेय पण तिच्याने उचलवत नाही. आम्ही दोघींनी उलटं केलं. डोळे उघडे होते, नजर नव्हती. मग एकदम श्वास ओढला आणि म्हणाले, "काय झालं गं?" हनुवटी फाटली होती. पाणी चार बोटं जास्त असतं, किंवा आई चाळीस पावलं मागे असती, तर हे मी लिहीत बसले नसते.

बाबांना ओटीवर आणून आडवं केलं, शेजाऱ्याचा टेंपो आणायला माणूस गेला. मी डॉक्टरांचा नंबर शोधायला बाबांचा फोन घेतला, चिखलाच्या हातांनीच. तिथे मला मी केलेलं ब्लॉक दिसलं. काढून टाकलं. मला वाटलं, आता तिचे अडकलेले मेसेज एकामागून एक येतील. एकही आला नाही. ब्लॉक असताना पाठवलेलं नंतरही येत नाही, ते तिकडेच राहतं. मी ब्लॉक करायला मोकळी, निषेधाला मोकळी, आणि ही साधी गोष्ट मला माहीत नव्हती. खाली मात्र बाबांचा मेसेज होता, त्यांच्या आवाजातला. मी कानाला लावला.

"बाय, मी काका बोलतो. तुजा व्हिडो बघितला. समजला. येकच इचारायचं हाय. तू म्हनलीस डाव्या बाजूला बसवतात आनि दीड महिना त्यो हात वर न्यायचा नाय. माजा कामाचा हात डावाच, तुला म्हाईत हाय. कापनी आलीय. ती जाऊ दे, ती कोनीबी करंल. पन नंतर जन्मभर त्या हातानं इळा मारायचा, तार तुटंल का? उजवीकडं बसवता येतं का? का काळीज डावीकडं म्हनून डबी बी डावीकडंच? डाक्टरला इचारायची लाज वाटली. आनि हिला नको सांगू, ही लगेच पत्रक काढंल."

तुला म्हाईत हाय. मला माहीत नव्हतं. माझ्या बापाचा कामाचा हात कुठला, हे मला माहीत नव्हतं. ते उजव्या हाताने जेवतात. सही उजव्या हाताने करतात, कारण शाळेत मास्तरांनी डाव्यावर छडी मारून मारून पेन्सिल उजव्यात दिली. देवाला, पाहुण्याला, प्रसादाला उजवाच. मी त्यांना पाहते ती ताटावर आणि सहीला. कापणीला मी दहावीत शेवटची गेले होते. ती मात्र लहानपणी दर वर्षी आमच्या रांगेत असायची, आणि बाबा नेहमी रांगेच्या कडेला, कारण मध्ये उभे राहिले तर त्यांचा विळा शेजारच्याच्या विळ्याला अडतो. हे तिला ठाऊक होतं. शेतकऱ्यांच्या नावाने मी किती पत्रकं लिहिली असतील!

आणि एवढ्या सगळ्या पानांतून, व्हिडिओंतून, माझ्या एकही चूक नसलेल्या पत्रकातूनसुद्धा, ही एक ओळ कुणी लिहिली नव्हती की बाबा रे, तू काम कुठल्या हाताने करतोस ते डॉक्टरला सांग. चित्रात सगळीकडे डावी बाजू. विचारलं होतं फक्त त्या सिस्टरने, आणि त्यांना उत्तर मी दिलं होतं.

टेंपो यायला वेळ होता. मी तिला फोन लावला.

"रेंज आली वाटतं," ती म्हणाली.

"बाबा पडले. आता नेतोय. तुझं उत्तर काय होतं ते सांग."

तिचा आवाज बदलला, नर्ससारखा सरळ झाला. "शुद्धीवर हायत? बोलतात? बरं. उजवीकडं बसवता येतं. डावखुऱ्या मानसाला बरेच डाक्टर तसंच करतात. फक्त आधी सांगाय लागतं. मी त्यांना तासाभरात सांगितलं व्हतं. चार मेसेज केले. डाक्टरला इचारून आनखी येक केला." मग म्हणाली, "पोचले नाय ना?"

"मी ब्लॉक केलं होतं तुला. चुकून."

"चुकून," ती म्हणाली. "मेसेजलाबी, कॉललाबी, दोन्ही ठिकानी चुकून. तुज्या बोटाला डाक्टर दाखव, येडे. दे काकाला."

मी स्पीकर लावला. बाबा ओटीवर आडवे, हनुवटीला आईचा पदर दाबलेला. तिने त्यांना सगळं परत सांगितलं. उजवी बाजू. तार नरम असते, जागेवर बसली की विळ्याने तुटत नाही. आणि या वेळी धोकेही सांगितले, जखम लाल झाली तर, ताप आला तर. ते "हां, हां" करत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मंग आठ दिस का नाय बोललीस गं?"

ती मला सहज उघडं पाडू शकत होती.

"रेंज नव्हती, काका," ती म्हणाली.

माझंच खोटं तिने माझ्यासाठी वापरलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं वापरलं. मला त्याचासुद्धा हेवा वाटला. बाप टेंपोत चढवताना मला हेवा वाटत होता, हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

हॉस्पिटलात पोचल्यावर त्याच सिस्टर होत्या. मी कागद मागून घेतला आणि सांगितलं की मी चुकीचं सांगितलं होतं. त्यांनी खूण बदलली. डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "कशाकशाला डावा वापरता?" बाबा आधी लाजले, मग सांगत सुटले. विळा, कोयता, दोरी वळायला, धार काढायला आधी डावा. डॉक्टर म्हणाले, उजवीकडे बसवू, थोडं वेगळं पडतं पण काही अडचण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बसवला. बाबा आत जागेच होते, डॉक्टरांना भाताच्या जाती सांगत होते म्हणे. बाहेर आले तेव्हा मॉनिटरवर ठोके एका चालीत पडत होते. आई पडद्याकडे बघत बसली, जणू त्यात मालिका लागलीय. दोन दिवसांनी घरी सोडलं.

कापणी शेजाऱ्यांनी आणि मोठ्या काकांनी करून दिली. बाबा ओटीवर बसून डाव्या हाताने पेंढ्यांच्या दोऱ्या वळत होते, उजवा सांभाळून. मी समोर बसले. गेले पंधरा दिवस आमच्या घरात सगळे रेंजला शिव्या देत होते. आईने तर मोबाइल कंपनीकडे तक्रार करायला मला पत्रक काढायला सांगितलं. ते ऐकल्यावर मला राहवलं नाही.

"बाबा, रेंज होती. मी तिला ब्लॉक केलं होतं."

"म्हंजी काय केलं?"

मी सांगायला लागले, नंबर प्रतिबंधित करणं म्हणजे... बाबा नुसते बघत होते. मी थांबले. कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडातून ती जुनी बोली आली, "ती तुमाला सांगत व्हती. मी तुमच्यापर्यंत येऊ दिलं नाय."

दोरी वळायची थांबली. "का?"

"तुमाला तिचं कळलं. माजं नाय कळलं. म्हनून."

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते हनुवटीवरच्या टाक्यांच्या खुणेवर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी खाचरात पडलो तवा तुजी आई म्हातारी बाई, तिनं मला वर धरलं. ती नसती तं मी तितंच गेलो असतो ना?"

"हो."

"तुज्या बहिनीला सांगितलंस का?"

"तिला माहीत आहे."

"तिला म्हाईत हाय ते येगळं. तू सांगितलंस का?"

मी तिला 'चुकून' सांगितलं होतं. मी माझा फोन काढून नंबर लावला. तिने उचलल्या उचलल्या विचारलं, "काकाची जखम सुकली का गं? लाल नाय ना?" मी म्हणाले सुकली, लाल नाही. मग सांगितलं, चुकून नव्हतं, ठरवून केलं होतं, आणि मी प्रेसमध्ये असताना तू फोन केलास तेव्हाही मला कळलं होतं की काहीतरी महत्त्वाचं आहे, तरी मी ऐकलं नाही.

तिकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"माज्या काकाच्या जिवावर बेतलं असतं," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. मग थोड्या वेळाने, "बरं. दे त्यांना."

मी फोन बाबांकडे दिला. त्यांनी तो डाव्या हाताने कानाला लावला आणि त्यांचा चेहरा तसाच उजळला जसा तिच्याशी बोलताना नेहमी उजळतो. किती भात झालं, म्हैस कधी विणार, झोपताना डबीच्या कुशीवर वळलं तर चालेल का. ती काहीतरी म्हणाली आणि ते मोठ्याने हसले. मला अजूनही आत टोचलं. उठून जावंसं वाटलं. ते दोघं बराच वेळ बोलत होते. मी फोन परत मागितला नाही.